टार्गेटेड थेरपीच्या गोळीने आईच्या अंगावर पुरळ उठलंय : काय लावायचं, काय नाही?

रंकाळ्याची_लेक

नमस्कार मंडळी. आईला (वय ६२) फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तंबाखू-मिश्रीला तिने जन्मात हात लावलेला नाही, तरी झाला. तपासणीत गाठीच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकाचं म्युटेशन, म्हणजे बदल, निघाला (एक्झॉन १९ डिलिशन हा त्याचा प्रकार), म्हणून केमो न देता त्या बदलावरच नेम धरणारी रोजची एक गोळी सुरू केली, ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम. गोळीचा गुण चांगला आला. आधी रात्रभर उशीला टेकून बसायची, आता आडवी होऊन झोपते.

पण चेहरा, नाकाच्या कडा, छाती आणि पाठीचा वरचा भाग बारीक पुटकुळ्यांनी भरलाय. काहींच्या टोकाला पू दिसतो. डोक्यात खपल्या आहेत, कंगवा लावला की कळवळते. रात्री खाज.

आता प्रत्येकाचं निदान वेगळं. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, उतरवून घ्या. मावशी म्हणते औषधाची उष्णता बाहेर पडतेय, सब्जा आणि धन्याचं पाणी द्या. एका मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब हातात दिली, "दोन दिवसांत चेहरा साफ होतोय बघा" म्हणून. ती अजून उघडलेली नाही, खोक्यावर तीन-चार औषधांची नावं एकत्र आहेत.

मुंबईची पुढची तारीख लांब आहे. आई म्हणते, "ती गोळीच बंद कर बाई, ह्या तोंडाने मी दारात पण उभी राहत नाही." ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा, गोळी थोडे दिवस थांबवली तर चालते का? लावायचं काय? आणि चैत्रात जोतिबाला जायचं म्हणून ती हटून बसली आहे, त्याचं काय करू?

---

उसाचा_फड

ताई, पहिलं म्हणजे गोळी तुमच्या मनानं बंद करू नका. बाकीचं सगळं नंतर.

आमच्या आण्णांना आतड्याचा कॅन्सर, सेटुक्सिमॅबचं सलाईन चालू होतं, ते पण ईजीएफआरवरचंच औषध. दुसऱ्या सलाईनच्या आसपास तोंड असं झालं की भावकीत बोलायला लागली कांजिण्या आल्यात, पोरं लांब ठेवा. लागण व्हायचं त्यात काही नसतंय, हे पहिलं घरात सगळ्यांना सांगा. आमच्यात नातवंडं आज्ज्याच्या जवळ जाईनात, त्याचा आण्णांना पुरळापेक्षा जास्त त्रास झाला.

मला डॉक्टरांनी सांगितलेलं आमच्या भाषेत सांगतो. तणावर फवारलेलं औषध उसाच्या पानावर थोडं उडतंयच, तसं हे आहे. औषध गाठीवर मारायला दिलंय, कातडीवर पण थोडं बसतंय. म्हणून काय फवारणी सोडत नाही कोण.

---

शाहूपुरीकर

+१. आणि ती ट्यूब उघडू नका. तीन-चार औषधं एकत्र म्हणजे बहुतेक स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकाच नळीत. गावोगाव लोक गजकर्णाला ती लावून बसलेत आणि गजकर्ण अंगभर पसरलंय.

---

डॉ_पंचगंगा

मी त्वचेचा डॉक्टर. तपासल्याशिवाय कुणालाही औषध लिहून देत नाही, इथेही देणार नाही. पण हा त्रास इतका ठराविक आहे की सर्वसाधारण माहिती सांगता येते.

ईजीएफआर नावाचा ग्राहक प्रथिन-रेणू कॅन्सरच्या पेशीवर असतो, तसाच तो आपल्या त्वचेच्या तळाच्या थरात आणि केसांच्या मुळाशीही असतो. तिथे त्याचं काम त्वचा नवी करत राहणं, ओल धरून ठेवणं. गोळी तो बंद करते. मग केसांच्या मुळाभोवती दाह सुरू होतो आणि पुटकुळ्या येतात, त्याही नेमक्या जिथे तेलग्रंथी जास्त तिथे : चेहरा, डोकं, छाती, पाठ. दिसायला तारुण्यपीटिका, पण त्या नव्हेत. काळे-पांढरे टोपे यात नसतात. म्हणूनच पिंपल्सची औषधं इथे उलटतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन ही सगळी त्वचा कोरडी करणारी औषधं, आणि इथे त्वचा आधीच कोरडी पडत चाललेली असते.

साधारण क्रम असा असतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुरळ उगवतं, महिन्याच्या आत सगळ्यात जास्त होतं, नंतर हळूहळू उतरतं. मग कोरडेपणा, खाज, बोटांच्या टोकांना भेगा. महिना-दोन महिन्यांनी नखांच्या कडा सुजू शकतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, त्यामुळे पुरळ "थोडंच आहे" असं वाटतं. आणि बरं झाल्यावर काळे डाग कित्येक महिने राहतात. ते डाग म्हणजे पुरळ वाढलं असं नव्हे.

किती पसरलंय ते मोजायला रुग्णाचाच तळहात वापरा. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. १० टक्क्यांच्या आत असेल तर पहिली पायरी, १० ते ३० दुसरी, ३० च्या वर आणि सोबत त्रासही बराच, तर तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांत सहसा गोळी चालूच ठेवून त्वचेवर उपचार करतात. तिसऱ्या पायरीला कॅन्सरचे डॉक्टर गोळी थांबवतात आणि त्रास उतरला की पुन्हा सुरू करतात, कधी त्याच डोसने, कधी कमी. ओसिमर्टिनिब ८० वरून ४० वर आणता येते. म्हणजे थांबवणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, पण तो निर्णय त्यांचा. घरच्यांनी परस्पर बंद केली तर किती दिवस औषधाविना गेले हे कुणालाच कळत नाही आणि पुढचा स्कॅन वाचताना सगळा घोळ होतो.

लावायचं काय ते सांगतो. आंघोळ कोमट पाण्याने, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर. बंबातलं कढत पाणी, वज्री, उटणं, घासणी सगळं बंद. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, दिवसातून दोनदा तरी. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडवालं कमी झोंबतं. उन्हात राहिलात तर दोन तासांनी पुन्हा.

औषधांत सहसा दोन-तीनच गोष्टी असतात : चेहऱ्यासाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, पुवाच्या पुटकुळ्यांवर क्लिंडामायसिन लोशन आणि पोटात डॉक्सिसायक्लिन. डॉक्सिसायक्लिन इथे जंतू मारायला कमी आणि दाह उतरवायला जास्त देतात. स्टिरॉइड म्हटलं की लोक एक तर घाबरतात नाही तर जोरदार क्लोबेटासोल तोंडाला फासतात. दोन्ही चूक.

खरं तर हे सगळं पुरळ यायच्या आधीपासून करायचं असतं. २०१० मध्ये स्टेप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅनिटुमुमॅब (हेही ईजीएफआर बंद करणारं औषध) घेणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांत एका गटाला पहिल्या डोसच्या आदल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टिरॉइड आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा असं सहा आठवडे दिलं. दुसऱ्या गटाला पुरळ आल्यावर उपचार. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास पहिल्या गटात २९ टक्के लोकांना झाला, दुसऱ्यात ६२ टक्के. इतकं साधं आणि स्वस्त असून आपल्याकडे बऱ्याच पेशंटना पहिल्या दिवशी हे कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे.

आता घाई कधी करायची. ताप, पिवळ्या खपल्या धरून पाणी सुटणं, दुखरी सूज असेल तर जंतुसंसर्ग. फोड येऊन कातडी सुटायला लागली, तोंडात-डोळ्यांत जखमा आल्या तर ते हे साधं पुरळ नव्हेच, त्याच दिवशी दवाखाना. आणि पुरळाशी संबंध नाही तरी सांगून ठेवतो, या गोळ्यांवर असताना नव्याने दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला तर वाट बघायची नाही. क्वचित या औषधांनी फुप्फुसाला सूज येते.

नागिणीबद्दल. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात येते, आग-ठणका असतो. दोन्ही गालांवर, छातीवर, पाठीवर सारखं आलेलं हे नागीण नव्हे. आणि नागीण असती तरी उतरवून घेऊन जात नाही, तिलाही गोळ्या आहेत.

---

मिरजकर_तिकटी

डॉक्टरसाहेब राग मानू नका, पण तुम्ही लोक औषधाच्या त्रासाला आणखी औषधच देता. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ, हळदीचा लेप आणि रक्तशुद्धीचा काढा, आमच्या आजीने हजार पुरळं अशी घालवली. शरीर आपोआप विष बाहेर टाकतं, टाकू द्या.

---

डॉ_पंचगंगा

राग नाही. पण आजीने घालवलेली पुरळं घामोळं, गोवर, खरूज अशी होती. ईजीएफआर बंद करणारं औषध तेव्हा जगात नव्हतं.

बाहेर पडायला आत विष साठलेलं नाही. त्वचेचं रोजचं काम अडलंय, एवढंच. लेप वाळला की त्वचा ओढली जाते, धुताना घासावं लागतं, कडुलिंबाने कोरडेपणा वाढतो. काढ्याला माझा विरोध जास्त आहे. या गोळ्या यकृतात पचतात, काढ्यात काय काय आहे ते माहीत नसेल तर रक्तातली गोळीची पातळी कमी-जास्त होऊ शकते. जेवणातली हळद खुशाल खाऊ द्या. सब्जाही पिऊ द्या, त्याने पुरळ जाणार नाही, पण मावशींचं मन राहील.

---

परळ_वारी

तारीख लांब आहे म्हणून गप्प बसू नका. आमच्या फाइलवर वॉर्डचा नंबर होता, तिथे फोन केला की सिस्टर डॉक्टरांना विचारून सांगायच्या. दर वेळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढायची गरज पडली नाही. इथल्या त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढला की दाखवता येतं. जाताना मूळ गोळीचं नाव आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या. नाहीतर नुसतं तोंड बघून पिंपल्सचं औषध मिळतं.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फिल्टर बंद ठेवून काढा. माझ्या मोबाइलचा कॅमेरा चेहरा आपोआप गुळगुळीत करायचा. फोटोत बाबा नवरदेवासारखे दिसायचे आणि डॉक्टर म्हणायचे, कुठे आहे पुरळ?

---

गंगावेशकर

डॉक्सिसायक्लिनबद्दल एक. आमचे वडील रात्री जेवून कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे आणि त्याच दुधासोबत गोळी गिळायचे. मेडिकलमधल्या पोरीने सांगितलं म्हणून कळलं, की दुधातल्या कॅल्शियमला ती गोळी चिकटते आणि अंगाला कमी लागते. डॉक्टर, हे बरोबर ना?

---

डॉ_पंचगंगा

बरोबर. दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, यांच्यात आणि डॉक्सिसायक्लिनमध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवं. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. मळमळ होत असेल तर जेवणानंतर. या गोळीने ऊनही जास्त लागतं, म्हणजे सनस्क्रीन दुप्पट महत्त्वाचं. गोळी स्वस्त आहे, जनऔषधी दुकानात आणखी स्वस्त.

अ‍ॅसिडिटीचा विषय निघालाय तर, जे जेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब या ईजीएफआरवरच्याच जुन्या गोळ्यांवर आहेत त्यांनी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पोटातलं आम्ल कमी झालं की या दोन्ही कमी शोषल्या जातात. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही.

---

राजारामपुरी_गल्ली

माझा स्वतःचा अनुभव. मी एर्लोटिनिबवर आहे. दाढीत पुरळ आलं की खपल्यांखाली पू साचतो आणि कळत नाही, म्हणून दाढी वाढवू नका. मशीनने बारीक करा. वस्तरा लावायचाच तर नवं ब्लेड आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. दाढीनंतर तुरटी फिरवायची सवय असेल तर सोडा. मी एकदाच फिरवली, पुढचा अर्धा तास कुणाशी बोललो नाही.

आणि एक विचारायचं होतं. पुरळ जास्त म्हणजे औषध जास्त लागू पडतंय, असं वॉर्डात सगळे म्हणायचे. खरं आहे का? ज्याच्या तोंडावर काही नाही तो बिचारा काळजीत असायचा.

---

डॉ_पंचगंगा

अर्धं खरं. सेटुक्सिमॅब आणि एर्लोटिनिबच्या जुन्या अभ्यासांत पुरळ आलेल्या रुग्णांना औषधाचा फायदा जास्त झालेला दिसला होता. पण त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. ओसिमर्टिनिब तर मुद्दाम म्युटेशन असलेल्या ईजीएफआरवर जास्त आणि त्वचेतल्या साध्या ईजीएफआरवर कमी बसेल अशी बनवलेली आहे. फ्लॉरा नावाच्या चाचणीत पुरळाचं प्रमाण ओसिमर्टिनिब घेणाऱ्यांत ५८ टक्के होतं आणि जेफिटिनिब-एर्लोटिनिब घेणाऱ्यांत ७८ टक्के, तरी आजार जास्त काळ आटोक्यात राहिला तो ओसिमर्टिनिबनेच. तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमध्ये आपल्याकडे निमोटुझुमॅब हे ईजीएफआरवरचंच औषध वापरतात, त्यानेही पुरळ फार कमी येतं. औषध लागू पडतंय का ते स्कॅनवर बघायचं, गालावर नाही.

---

चप्पललाईन

नखांचं कुणी विस्ताराने लिहिलं नाही म्हणून लिहिते. सासऱ्यांचं पुरळ गेलं, आम्ही सुटलो म्हटलं, आणि मग पायाच्या अंगठ्याची कड सुजून लाल. चादर लागली तरी ओरडायचे. घरात पिढ्यान्पिढ्या कापशीचं पायताण. नवं कातडं कडक, त्यात अंगठ्याची पट्टी नेमकी त्या नखाच्या कडेला घासायची. आमचा धंदाच चपलांचा, त्यामुळे "पायताण बंद" हे घरात सांगायला कुणाची छाती होईना. शेवटी मीच सांगितलं. पुढून रुंद, मऊ सँडल आणि सुती मोजे, दुकानात बसतानासुद्धा. गिऱ्हाईक हसलं तर हसू दे म्हटलं.

आम्हाला सांगितलेला उपाय : पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान, रोज पंधरा मिनिटं बोटं बुडवून ठेवायची, मग नीट कोरडी करायची. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. मांसाचा लालभडक कोंब आला होता, तो डॉक्टरांनी औषध लावून जाळला. घरी कापायचा नाही.

---

उसाचा_फड

हे आमच्यात पण झालं, हाताच्या बोटांना. आण्णा ऐकायचे नाहीत, भात लावणीला चिखलात उतरायचे. ओल्यात हात राहिला की दुसऱ्या दिवशी बोट टुम्म. आणि उसाचा पाला तर करवतच. लांब बाह्यांचा सदरा, आत सुती हातमोजा आणि वरून रबरी, असं केल्यावर जरा आवरलं. नुसता रबरी घालू नका, आत घामानं तसंच होतंय. भांडी घासणाऱ्या बायकांना पण हेच.

---

शाहूपुरीकर

एक शंका. माझ्या मामांना यकृताच्या कॅन्सरला सोराफेनिब आहे. त्यांना तोंडावर काही नाही, पण तळपायाला घट्ट्यासारखं जाड होऊन खाली फोड आलेत, चालवत नाही. हे तेच का?

---

डॉ_पंचगंगा

नाही, हा हात-पायांचा वेगळा त्रास. सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिब, कॅबोझँटिनिब या औषधांनी होतो, आणि जिथे भार किंवा घासणं जास्त तिथे होतो. यात पहिल्या काही आठवड्यांत चालणं कमी, मऊ तळाची पादत्राणं, घरातही अनवाणी नको. १० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोन-तीनदा, जाड घट्ट्यांना त्याहून जास्त टक्क्यांचं. घट्टे आधीपासून असतील तर औषध सुरू करायच्या आधीच काढून घेतलेले बरे. फोड आलेत आणि चालवत नाही म्हणताय, म्हणजे डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

कुणी केपेसिटाबिनच्या गोळ्यांवर असेल तर तिथेही हात-पाय लाल होऊन सोलतात, पण ती केमोची गोळी. तिच्यासाठी दिल्लीच्या एम्समध्ये १ टक्का डायक्लोफिनॅक जेलचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. रोज दोनदा जेल लावणाऱ्यांत मध्यम-तीव्र त्रास ३.८ टक्के, साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. पण तो निष्कर्ष उचलून सोराफेनिबला किंवा चेहऱ्यावरच्या पुरळाला लावू नका. या धाग्यात तीन वेगळे त्रास एकत्र झालेत, वाचणाऱ्यांनी आपला कोणता ते आधी बघावं.

---

रंकाळ्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. गोळी बंद केली नाही. मुंबईला फोन केला, फोटो पाठवले, त्यांनी दुसरी पायरी सांगितली. इथल्या त्वचेच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन, चेहऱ्याला सौम्य क्रीम, डोक्याला लोशन दिलंय. खाजेला रात्रीची एक गोळी आहे, तिने गुंगी येते म्हणून रात्री बाथरूमला जाताना मी सोबत उठते. पूवाल्या पुटकुळ्या सुकायला लागल्यात. डोक्यातल्या खपल्या अजून तशाच. ट्यूब परत केली, पैसे काही मिळाले नाहीत.

आता नवीन भांडण. डॉक्टर म्हणाले कपाळावर टिकली नको, गोंदाने चिघळतंय, कुंकूही नको. आईने ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाली, "तुझे वडील जिवंत आहेत ना, मग कपाळ मोकळं कशाला?" बाबा म्हणाले मला चालतंय, तर त्यांच्यावरच चिडली. काय सांगू तिला?

---

चप्पललाईन

माझ्या जावेला असंच होतं. ती कुंकू मंगळसूत्राच्या वाटीला लावायची. आईंना हे पटेल, पुष्कळ बायका एरवीही लावतात. कपाळाला लावून चिघळवण्यापेक्षा बरं. पुटकुळ्या बसल्या की बघू म्हणा. आणि लग्नकार्यात जायचं झालं तर चेहरा झाकायला थोडा मेकअप चालतो का, डॉक्टरांना विचारा. जावेला चालेल म्हणाले होते, फक्त बिनवासाचा आणि रात्री न घासता काढायचा.

---

डॉ_पंचगंगा

चालतो. जखम किंवा ओली खपली असेल तिथे मात्र नको. मंगळसूत्राची युक्ती मला माहीत नव्हती, पुढच्या पेशंटना सांगेन.

डोक्याच्या खपल्या ओढून काढू नका. शाम्पूच्या आधी थोडं खोबरेल लावून मऊ होऊ द्या, मग सौम्य शाम्पू, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. चेहऱ्याला मात्र तेल नको.

---

वाडी_रत्नागिरी

जोतिबाचं मी सांगतो, मी डोंगरावरचाच. चैत्र पौर्णिमेला आणू नका आईंना. लाखो माणूस, ऊन डोक्यावर, सासनकाठ्यांवर गुलाल आणि खोबऱ्याची उधळण, अंगाला अंग घासतं. गुलाल पुटकुळ्यात बसला तर काढताना सगळं सोलून निघेल. देव काय एका दिवशीच भेटतोय असं नाही. यात्रा उतरल्यावर, रविवार सोडून आडवारी पहाटे या, गाडी वरपर्यंत येते. डोक्यावरून सुती पदर. गुलाल पुडीत बांधून घ्या, कपाळाला लावायचा आग्रह कोण करत नाही, सांगितलं की समजतं सगळ्यांना. चांगभलं!

---

रंकाळ्याची_लेक

आडवारी पहाटे, हे मान्य झालं. मंगळसूत्राचंही. आता काकू विचारतात नागीण उतरली कुठे जाऊन. त्यांना सनस्क्रीनची बाटली दाखवली.

---

राजारामपुरी_गल्ली

धागा वर काढतोय. माझ्या पापण्या वाढायला लागल्यात, खऱ्या अर्थाने. लांब आणि कुरळ्या. बायको म्हणते छान दिसतात, पण एक-दोन आत वळून डोळ्याला टोचतात, सकाळी डोळा लाल असतो. कात्रीने कापू का?

---

डॉ_पंचगंगा

घरी कापू नका आणि उपटू तर अजिबात नका. तोही याच औषधाचा परिणाम. बुबुळाला ओरखडा पडतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, ते सुरक्षितपणे छाटून देतात आणि कोरडेपणासाठी थेंब देतात. डोळा दुखतोय किंवा अंधुक दिसतंय असं असेल तर आजच.

---

राजारामपुरी_गल्ली

दुखत नाही, दिसतंय नीट. उद्या सकाळी जातो.